काळी चार, काळी एक

संध्याकाळचे सहा वाजलेत. मिरजेतल्या माझ्या क्लासच्या खोलीत भूप चाललाय. चौदा वर्षांचा मुलगा तार षड्जाकडे निघतो आणि धैवतावरच त्याचा आवाज चिरकतो. मागच्या दोघी फिसकन हसतात. तो मान खाली घालून सतरंजीचा दोरा उपसत बसतो.

आवाज फुटतोय. पाच वर्षं तो माझ्याच पट्टीत, काळी चारमध्ये गायला. मी म्हणायचं, त्यानं उचलायचं. आता ती पट्टी त्याची राहिली नाही.

आई दारातच उभी आहे. "ताई, पुढच्या महिन्यात टीव्हीची ऑडिशन आहे. तेवढी होऊ दे की."

"नको. तार षड्ज सध्या बंद."

"खाँसाहेबसुद्धा उंच पट्टीतच गायचे ना?"

मिरजेत हे ऐकावंच लागतं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, इथल्याच मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे. पण त्यांचा गळा तयार झालेला होता, ह्याचा अजून ठरायचाय.

आईंचा चेहरा उतरतो. ताईंनी उत्तेजन द्यायचं, तर ह्याच अडवतायत, असं त्यांच्या मनात येत असणार. येऊ दे. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी स्पर्धेसाठी वरच्या पट्टीत रेटला होता. ढाल मिळाली. पोरगा वर्षभरात गाणं सोडून गेला. चूक माझी होती.

कोपऱ्यातला मर्दानी तंबोरा मी गवसणीतून काढते. जनानी तंबोरा काळी एकपर्यंत उतरवला तर तारा लोंबतात, नुसत्या फडफडतात. खालच्या पट्टीला जाड तारा हव्यात, लांब दांडी हवी. तंबोरा मी त्याच्यापुढे ठेवते.

"मी लावू?"

"मग कोण? पट्टी तुझी."

खुंटी करकरते. जोडीच्या तारा हळूहळू एकमेकींत मिसळतात, पण आवाज बोदा येतो. मी घोडीवर वाकून तारेखालचं सूत नखानं केसभर सरकवते. जवारी उघडते, खोली भरून जाते. मुलगा दचकून वर बघतो. दुसऱ्या तारेचं सूत तो स्वतः सरकवायला जातो आणि तार पार मुकी करून टाकतो. पुन्हा करतो. तिसऱ्यांदा जमतं.

मग षड्ज लावतो. खरखरीत आहे, पण चिरकत नाही. मी तोंडभर 'वा' देत नाही, नुसती मान हलवते. मागच्या दोघी आता हसत नाहीत.

अडचण आता माझी आहे. त्याचा षड्ज म्हणजे माझा मंद्र मध्यम. तिथवर मी कशीबशी पोचते, त्याच्या मंद्रातलं मला गाऊन दाखवता येणार नाही. वर्ष-दीड वर्षात त्याला एखाद्या बुवांकडे सोपवावं लागेल. ते आज बोलत नाही.

"उद्यापासून सकाळी साडेसहाला पाठवा," मी आईंना म्हणते. "वीसच मिनिटं, नुसता षड्ज."

"सहाला ट्यूशन असते हो त्याची," त्या म्हणतात. "बघते."