सर्वांत लांब व सर्वांत जुने पूल : प्रकारानुसार विचार

सामान्यज्ञानाच्या चाचणीत ‘जगातील सर्वांत लांब पूल कोणता?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. एखादा विद्यार्थी चीनमधील दानयांग–कुनशान पुलाचे नाव लिहितो, दुसरा तुर्कस्तानातील चनाक्कले पुलाचे, तिसरा कॅनडातील क्यूबेक पुलाचे. उत्तरसूचीत यांपैकी एकच नाव असते आणि उरलेल्या दोघांचे गुण कापले जातात. वस्तुतः तिन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. उणीव असते ती प्रश्नात. कोणती लांबी आणि कोणत्या प्रकारचा पूल, हे सांगितल्याखेरीज हा प्रश्न पूर्णच होत नाही.

पुलास दोन लांब्या असतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची एकूण लांबी ही एक. आणि दोन खांबांमधील अंतर, ज्यास गाळा म्हणतात, ती दुसरी. एकूण लांबी वाढविण्यास पैसा, वेळ व मनुष्यबळ पुरते. गाळ्यापुढे गाळा जोडीत गेले की पूल लांबतो. २०११ साली रेल्वे वाहतुकीस खुला झालेला दानयांग–कुनशान पूल तब्बल १६४.८ किलोमीटर लांब असून तो भातखाचरे, कालवे व तळी यांवरून जातो. तथापि त्याचे बहुतेक गाळे सुमारे ३२ मीटरांचेच आहेत. मुंबई व नवी मुंबई यांना जोडणारा, २०२४ साली खुला झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटर लांब आहे, तोही असाच गाळ्यांची मालिका होय.

गाळा वाढविणे मात्र निराळे. मोठा पूल आपल्यावरून जाणाऱ्या गाड्यांपेक्षा स्वतःच्याच वजनाने अधिक दबलेला असतो. गाळा लांबला की वजन वाढते. ते पेलण्यासाठी साहित्य अधिक घालावे लागते. आणि त्या साहित्याचे वजन पुन्हा पुलाच्याच माथी बसते. या कोंडीतून सुटण्याचे जे मार्ग मनुष्याने शोधून काढले, तेच पुलांचे प्रकार होत. वर्गात हे प्रकार नावांची यादी म्हणून न शिकविता या दृष्टीने शिकविले, तर ते मुलांच्या ध्यानात राहतात.

ओढ्यावर दोन ओंडके आडवे टाकून केलेला साकव हा तुळईच्या पुलाचा मूळ नमुना. खोडरबराच्या बाजूवर समान अंतरावर उभ्या रेघा ओढून तो दोन बोटांनी खाली वाकविला, तर वरच्या अंगास रेघा जवळ येतात व खालच्या अंगास दूर जातात. म्हणजे तुळईचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. त्याच जाडीच्या तुळईचा गाळा दुप्पट केला, तर तिच्या स्वतःच्या वजनाने मध्यावर पडणारे वाकविणारे बळ दुप्पट नव्हे, चौपट होते. दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण त्यास सोसवत नाही. म्हणून दगडी फरशी टाकून ओढा ओलांडता येतो, नदी नाही.

दगडास केवळ दाबच सोसावा लागेल अशी रचना म्हणजे कमान. पाचरीसारखे घडविलेले दगड एकमेकांस रेटतात आणि तो रेटा दोन्ही काठांच्या आधारांत उतरतो. ग्रीसमधील आर्कादिको येथील इ. स. पू. तेराव्या शतकातील पूल अद्यापि उभा आहे. मात्र त्याची कमान खरी कमान नव्हे. दोन्ही बाजूंचे दगड थराथराने पुढे सरकवीत वर एकत्र आणलेले आहेत. पुलाची लांबी २२ मीटर आणि गाळा जेमतेम एक मीटरहून थोडा अधिक! खरी कमान रोमन लोकांनी सर्वत्र नेली. रोम शहरातील तायबर नदीवर इ. स. पू. ६२ मध्ये बांधलेल्या फाब्रिचिओ पुलावरून आजही लोक पायी जातात. चीनच्या हपै प्रांतातील चाओचौ पूल लि छुन या कारागिराने इ. स. ६०५ च्या सुमारास पुरा केला. त्याची कमान अर्धवर्तुळाकार नसून चपटी आहे व गाळा सुमारे ३७ मीटरांचा आहे. मुख्य कमानीच्या दोन्ही खांद्यांवर लहान कमानी ठेवल्या आहेत. त्यांतून पुराचे पाणी वाहून जाते आणि तेवढ्या दगडाचे वजनही वाचते. चौदाशे वर्षांपूर्वीची ही युक्ती आजच्या अभियंत्यासही मान डोलवावयास लावील. आपल्या देशात जौनपूर येथील गोमती नदीवरील अकबरकालीन पूल आणि गोव्यातील पणजी–रायबंदर मार्गावरील १६३४ साली पुरा झालेला सुमारे तीन किलोमीटरांचा सेतुमार्ग हे या परंपरेतले.

कमानीचा प्राण तिच्या पायांत असतो, आणि आपल्या नद्यांचा पूर प्रथम पायांवरच धाव घेतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी कमानींचा पूल महापुरात वाहून गेला. राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या व अन्य वाहने नदीत पडली आणि अनेकांचे प्राण गेले. पुलाचे वय ही केवळ कौतुकाची गोष्ट नव्हे, हे रायगड जिल्ह्यातील मुलांस निराळे सांगावे लागत नाही.

लोखंड आल्यावर कमानी वाढल्या. इंग्लंडमधील कोलब्रुकडेलचा, १७७९ साली उभा राहिलेला बिडाचा पूल सुमारे ३० मीटरांचा होता. सिडनी बंदरातील १९३२ चा पोलादी पूल ५०३ मीटरांचा झाला. आणि चीनच्या ग्वांगशी प्रदेशात २०२४ साली खुला झालेला काँक्रीटच्या कमानीचा पूल ६०० मीटरांचा आहे. काश्मीरमधील चिनाब नदीवरचा, २०२५ साली वाहतुकीस खुला झालेला रेल्वेपूल पुष्कळदा लांबीच्या यादीत घातला जातो. त्याच्या कमानीचा गाळा ४६७ मीटरांचा आहे. त्याची खरी ख्याती नदीपात्रापासून ३५९ मीटरांच्या उंचीबद्दल आहे.

ज्या नदीच्या मध्यभागी तात्पुरता आधार उभारता येत नाही, तेथे निराळी युक्ती लागते. खांबापासून दोन्ही बाजूंस दोन हात पसरावयाचे, काठाकडील हात जखडून टाकावयाचा आणि नदीकडील हातावर मधला तुकडा ठेवावयाचा. यास कॅन्टिलिव्हर पूल म्हणतात. स्कॉटलंडमधील फोर्थ पुलाच्या रचनाकारांपैकी बेंजामिन बेकर यांनी हे तत्त्व सभेपुढे माणसे बसवून समजाविले होते. दोन माणसे खुर्च्यांवर हात पसरून बसली. त्यांनी हातांत धरलेल्या काठ्या खुर्चीच्या बैठकीस टेकविल्या, बाहेरच्या बाजूंस विटांची ओझी बांधली, आणि मध्ये फळीवर त्याच पुलावर काम करणारे काइची वातानाबे हे जपानी अभियंते बसले. हातांवर ताण, काठ्यांवर दाब. दोन खुर्च्या, चार काठ्या, एक फळी, थोडी दोरी व विटा एवढ्या साहित्यावर हा प्रयोग शाळेच्या ओट्यावर करता येतो. मध्ये मात्र वर्गातील सर्वांत हलके मूल बसवावे व फळी जमिनीपासून वीतभरच उंच ठेवावी. १८९० साली खुल्या झालेल्या फोर्थ पुलाचे दोन मुख्य गाळे प्रत्येकी ५२१ मीटरांचे आहेत.

हा विक्रम मोडण्याच्या भरात जे घडले, ते प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावे. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्यूबेक शहराजवळ पूल बांधावयाचा होता. प्रथम गाळा १६०० फुटांचा ठरला होता. पुढे तो १८०० फूट, म्हणजे ५४९ मीटर करण्यात आला. त्यामुळे तो फोर्थ पुलाहून मोठा होणार होता. परंतु गाळा वाढल्याने पुलाचे स्वतःचे वजन किती वाढेल, याचे गणित वेळेवर नव्याने मांडले गेले नाही. जुन्याच आकड्यांवर पोलादाचे भाग घडविले गेले. १९०७ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेकडील खालच्या पट्ट्या वाकू लागल्याचे कामावरील तरुण अभियंत्याच्या ध्यानात आले. तो न्यूयॉर्कला सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांच्याकडे गेला. कूपर यांनी पुलावर आणखी ओझे चढवू नये अशी तार केली, पण ती पोलाद पुरविणाऱ्या कंपनीच्या गावी गेली. पुलावर काम चालूच राहिले. २९ ऑगस्टच्या संध्याकाळी दक्षिणेकडील संपूर्ण बांधकाम काही सेकंदांत नदीत कोसळले. पंचाहत्तर कामगार मरण पावले. त्यांतील ३३ जण मोहॉक आदिवासी होते. पूल पुन्हा नव्या, अधिक दणकट आराखड्याने बांधण्यात आला. १९१६ साली त्याचा मधला भाग वर उचलताना निसटून पडला व आणखी तेरा माणसे गेली. १९१७ साली पुरा झालेला हा पूल आजही आपल्या प्रकारात जगात पहिला आहे. नंतर या प्रकारात कोणी अधिक लांब गाळा बांधला नाही. भीतीमुळे नव्हे, तर तारांचे पूल स्वस्त पडू लागले म्हणून. आपल्याकडील हावडा पूल १९४३ साली याच पद्धतीने उभा राहिला. त्याचा गाळा ४५७ मीटरांचा आहे.

झुलत्या पुलात दाबाऐवजी ताणावर भर असतो. दोन मनोऱ्यांवरून दोर टाकावयाचे, त्यांची टोके काठांवर पुरून घट्ट करावयाची आणि मार्ग त्या दोरांस टांगावयाचा. पोलादाची तार ताण फार मोठ्या प्रमाणात सोसते, म्हणून सर्वांत लांब गाळे याच प्रकारात सापडतात. स्कॉटलंडच्या थॉमस टेलफर्ड यांचा वेल्समधील मेनाई पूल १८२६ चा; तो सुमारे १७६ मीटरांचा. पुढे सुमारे एकशे दहा वर्षांत गाळा सातपट झाला. हलकेपणाचा मोह मात्र येथेही नडला. अमेरिकेतील टॅकोमा येथील ८५३ मीटरांचा गाळा असलेला पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबर रोजी ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात पिळवटून पडला. पुलाचा मार्ग अरुंद व पातळ होता, वाऱ्याने त्यास हेलकावे देऊन मोडले. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही; मोटारीत राहिलेला एक कुत्रा तेवढा गेला. जपानचा आकाशी पूल बांधला जात असताना १९९५ साली कोबेचा भूकंप झाला व मनोरे एकमेकांपासून दूर सरकले. १९९० मीटरांचा योजिलेला गाळा सुमारे १९९१ मीटरांचा झाला. १९९८ पासून तो जगात पहिला होता. २०२२ साली तुर्कस्तानातील चनाक्कले पुलाने त्यास मागे टाकले. त्याचा गाळा २०२३ मीटरांचा आहे. हा आकडा तुर्की प्रजासत्ताकाच्या शताब्दीच्या वर्षावरून मुद्दाम घेतलेला आहे.

मनोऱ्यापासून तिरप्या तारा थेट मार्गास बांधल्या, तर तो झुलता पूल राहत नाही. ताण देणाऱ्या तारांचा निराळा प्रकार होतो. वांद्रे–वरळी सागरी सेतूचा दुरून दिसणारा भाग हा त्याचा आपल्या परिचयाचा नमुना. या प्रकारातील विक्रम झपाट्याने बदलतात. २०१२ साली रशियातील व्लादिवोस्तोकचा ११०४ मीटरांचा पूल पहिला होता; २०२५ साली चीनमधील यांगत्से नदीवरील छांगताय पूल १२०८ मीटरांच्या गाळ्यासह खुला झाला. असले आकडे फळ्यावर लिहिताना शेजारी वर्ष अवश्य लिहावे.

वयाचा प्रश्नही लांबीइतकाच सावधपणे विचारावा लागतो. दगडी पुलाचे वय सांगता येते, कारण त्याचा बराच भाग मूळचा असतो. गवताच्या दोरांचे काय? पेरू देशात आपुरिमाक नदीच्या घळीवर केस्वाचाका नावाचा सुमारे २८ मीटरांचा झुलता पूल आहे. इंका लोकांच्या काळापासून, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, भोवतालच्या गावांतील लोक दरवर्षी जूनमध्ये एकत्र येतात, डोंगरावरील गवत वळून दोर करतात, जुना पूल कापून नदीत सोडून देतात आणि तीन-चार दिवसांत नवा टांगतात. २०२० साली महामारीमुळे हे काम होऊ शकले नाही. मार्च २०२१ मध्ये जुने दोर तुटून पूल कोसळला, आणि जूनमध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा विणला.