निर्णय बैठकीत यायला हवा : आयर्लंडच्या राज्यकारभाराची शंभर वर्षं

आयर्लंडच्या पंतप्रधानाला तिथे 'टीशख' म्हणतात. या पदाचा आणि त्याच्या अवतीभवती उभ्या असलेल्या खात्यांचा शंभर वर्षांचा प्रवास पाहिला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. निर्णय मंत्रिमंडळाच्या बैठकीत येऊन, विरोध ऐकून झाला, तेव्हा हा छोटा देश मोठ्या संकटांतून सावरला. बैठक टाळली गेली, तेव्हा त्याची किंमत देशाला मोजावी लागली.

सुरुवातीला सरकारप्रमुखाचं पद दुबळंच होतं. 1922 मध्ये आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आलं आणि विल्यम कॉसग्रेव्ह कार्यकारी परिषदेचे अध्यक्ष झाले. पण एखाद्या मंत्र्याला एकट्याला काढण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यासाठी सगळ्या परिषदेनं राजीनामा द्यायचा आणि सभागृहाकडून नव्यानं मान्यता घ्यायची. या नव्या राज्यातलं यादवी युद्ध 1923 मध्ये थांबलं. पुढच्याच वर्षी मंत्री व सचिव कायदा झाला आणि 11 खात्यांची घडी बसली. या कायद्यानं मंत्री म्हणजेच खातं असं ठरवलं. खात्यातून निघणारं पत्र, आदेश, करार, सगळं कायद्याच्या दृष्टीनं मंत्र्याचं. सचिव आणि त्याच्या हाताखालचे अधिकारी कागदोपत्री अदृश्य. सभागृहात उत्तर देणार मंत्रीच, हा त्याचा गुण. आणि बारीकसारीक कागदसुद्धा वरपर्यंत चढत जाणार, हा त्याचा दोष. दोन्ही पुढे कित्येक दशकं टिकले.

या व्यवस्थेची खरी कसोटी 1932 मध्ये लागली. यादवीत हरलेल्या बाजूचे एमन डी व्हॅलेरा निवडणुकीनंतर सत्तेवर आले. ज्यांच्याविरुद्ध बंदुका उचलल्या होत्या, त्यांच्याच हातून त्यांनी कारभार घेतला आणि अर्थखात्याचे सचिव मॅकएलिगट यांच्यासह जुनी नोकरशाही तशीच ठेवली. नव्या स्वतंत्र झालेल्या देशांत असं सत्तांतर सहज घडत नाही. आयरिश लोकशाहीचा पाया मला त्या एका संयमात दिसतो.

पदाला बळ आलं ते 1937 च्या राज्यघटनेनं. भारताच्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली ती याच घटनेवरून. 29 डिसेंबर 1937 पासून सरकारप्रमुख टीशख झाला. डॉइल या कनिष्ठ सभागृहानं नाव सुचवायचं आणि राष्ट्राध्यक्षांनी नेमणूक करायची. मंत्र्याकडे राजीनामा मागण्याचा अधिकार आता टीशखकडे आला. त्यानं नकार दिला, तर टीशखच्या सल्ल्यानं राष्ट्राध्यक्ष त्याला पदमुक्त करणार. पण घटनेनं मर्यादाही घातल्या. सरकारात 7 पेक्षा कमी आणि 15 पेक्षा जास्त सदस्य नकोत. टीशख, उपपंतप्रधान म्हणजे तानिश्ता आणि अर्थमंत्री डॉइलचेच सदस्य हवेत. आणि सगळ्या सरकारनं मिळून सभागृहाला जबाबदार राहायचं. डॉइलमधलं बहुमत गमावलेल्या टीशखनं विसर्जनाचा सल्ला दिला, तर तो नाकारण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना राहिला.

कागदावरचं हे बळ व्यवहारात किती, हे 1948 मध्ये दिसलं. डी व्हॅलेरांची 16 वर्षांची सत्ता संपवून अनेक पक्ष एकत्र आले. फिन गेल पक्षाचे नेते रिचर्ड मल्कही यांच्या नावाला शॉन मॅकब्राइड यांच्या पक्षाचा विरोध होता. म्हणून पक्षाचे नेते नसलेले जॉन कॉस्टेलो टीशख झाले. सहकारी पक्षांच्या संमतीवर खुर्ची ठरते, हा धडा देशानं तेव्हा प्रथम घेतला.

नोकरशाहीच्या इतिहासातला सर्वांत उजळ क्षण त्यानंतर दहा वर्षांनी आला. 1950 च्या दशकात माणसं बोटी भरून इंग्लंडला जात होती. 1956 मध्ये वयाच्या 39 व्या वर्षी केन व्हिटेकर अर्थखात्याचे सचिव झाले. खर्चाला नाही म्हणणं हेच ज्या खात्याचं काम समजलं जाई, तिथूनच त्यांनी परकीय भांडवल आणि निर्यातीची वाट दाखवणारा आराखडा मांडला. 1958 मध्ये तो प्रसिद्ध झाला, तोही अधिकाऱ्याच्या नावासह. अदृश्य राहण्याची रीत सरकारनं त्या वेळी जाणीवपूर्वक मोडली. 1959 मध्ये टीशख झालेल्या शॉन लेमास यांनी आराखड्याला राजकीय पाठबळ दिलं. धाडस आणि अभ्यास एकत्र आले की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मे 1970 मध्ये मात्र हादरा बसला. उत्तर आयर्लंड पेटलेला असताना शस्त्रं आणण्याच्या खटपटीत मंत्र्यांचा हात असल्याचा आरोप झाला. टीशख जॅक लिंच यांनी अर्थमंत्री चार्ल्स हॉही आणि कृषिमंत्री नील ब्लेनी यांचे राजीनामे मागितले. दोघांनी नकार दिला, तेव्हा 1937 ची तरतूद वापरून त्यांना पदमुक्त करण्यात आलं. राष्ट्राध्यक्षपदी होते डी व्हॅलेराच. पुढे न्यायालयात हॉही निर्दोष सुटले आणि कोणाला किती माहीत होतं हा वाद आजही मिटलेला नाही. पण राज्याच्या सुरक्षेचा प्रश्न बैठकीबाहेर हाताळला गेला की सरकार आतून कसं फुटतं, हे त्या महिन्यानं दाखवलं.

1989 नंतर आयर्लंडमध्ये एकपक्षीय सरकार आलेलंच नाही. त्यामुळे टीशखचं काम हुकूम देण्यापेक्षा सांधे जुळवण्याचं झालं. मंत्र्याचा प्रस्ताव टिपणाच्या रूपात आधी इतर खात्यांकडे फिरतो. त्यांचे शेरे, विशेषतः अर्थखात्याचे, त्यासोबत जोडले जातात आणि मग तो बैठकीत येतो. बाहेरच्याला हा वेळकाढूपणा वाटेल. पण चूक वेळेत पकडण्याची जागा हीच.

29 सप्टेंबर 2008 च्या रात्री नेमकी ती जागाच आक्रसली. बँका वाचवण्यासाठी टीशख ब्रायन कावेन, अर्थमंत्री ब्रायन लेनिहन आणि मोजके सल्लागार बसले. बाकीच्या मंत्र्यांना पहाटे दूरध्वनीवर विचारण्यात आलं. सुमारे 440 अब्ज युरोंच्या बँक देण्यांना सरकारी हमी मिळाली. वेळ कमी होता, घबराट खरी होती. पण एवढा भार उचलताना सगळे मंत्री समोरासमोर बसले नाहीत, हे मला आजही अस्वस्थ करतं. नोव्हेंबर 2010 मध्ये युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसोबत 85 अब्ज युरोंचा मदत कार्यक्रम स्वीकारावा लागला. 2011 मध्ये टीशख एंडा केनी यांनी खर्च आणि सुधारणांचं वेगळं खातं काढलं, हे योग्यच झालं. मात्र मोठे निर्णय चार मंत्र्यांच्या आर्थिक समितीत होऊ लागले आणि उरलेले मंत्री प्रेक्षक झाल्याची टीका झाली. ती टीका रास्त होती.

2017 मध्ये लिओ वराडकर टीशख झाले, तेव्हा मराठी माणसाचं लक्ष या पदाकडे गेलं. त्यांच्या वडिलांचं मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचं. 2019 च्या अखेरीस ते सहकुटुंब त्या गावी आले होते. पण त्यांच्या काळातली अधिक टिकाऊ गोष्ट दुसरीच. यादवीच्या दोन बाजूंतून जन्मलेले फिअना फॉइल आणि फिन गेल 2020 मध्ये हरित पक्षासह एकत्र आले आणि टीशखपद आळीपाळीनं घ्यायचं ठरलं. 17 डिसेंबर 2022 रोजी पहिली पाळी घेतलेले फिअना फॉइलचे मिहॉल मार्टिन यांनी शब्द पाळून खुर्ची वराडकरांकडे दिली. एप्रिल 2024 मध्ये सायमन हॅरिस आले आणि जानेवारी 2025 मध्ये मार्टिन परतले.

पाच वर्षांत इतक्या वेळा माणसं बदलली, तरी खाती चालत राहिली. 1924 च्या घडीचं हे यश आहे. आता घरांची टंचाई आणि हवामानबदल असे प्रश्न समोर आहेत, जे एका खात्यात मावत नाहीत. तिथे टीशखची खरी ताकद मंत्री काढण्यात नाही. चार खात्यांना एकत्र बसवून त्यांचा विरोध ऐकून घेण्यात आहे. शंभर वर्षांचा अनुभव हेच सांगतो, आणि आघाडीची सरकारं चालवणाऱ्या कोणत्याही समाजानं तो मनापासून वाचावा.