गंज नंतर, आधी पाणी: जुन्या मस्टँगचं काम नक्की कुठून सुरू करायचं?

(या आठवड्याच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलण्यातले ‘म्हणजे’, ‘बघा’ थोडे कमी केलेत, बाकी गप्पा तशाच आहेत.)

आजचा विषय अमेरिकेतला आहे, पण सुरुवात आपल्या बिल्डिंगपासून करू.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे माहीत असेल. पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात. दिवाळीच्या आधी आपण पुट्टी भरतो, मस्त रंग काढतो. पुढच्या जुलैत तीच ओल, तिथेच. कारण गळती गच्चीवर आहे आणि आपण भिंतीवर उपचार करतोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गंजलेली जुनी गाडी घरच्या गॅरेजमध्ये उभी करायला घेणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. अमेरिकेतल्या आपल्या श्रोत्यांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: ‘साठच्या दशकातली मसल कार मिळतेय, फ्लोअरला भोकं आहेत, नवा पत्रा ऑनलाइन मिळतो. कापायला सुरुवात करू का?’ माझं उत्तर एकच. आधी पाणी कुठून आलं ते शोधा, मग ग्राइंडर हातात घ्या. का, ते आज सविस्तर.

मसल कार म्हणजे काय, आणि मस्टँगच का?

मसल कारची साधी कल्पना अशी: मध्यम आकाराची, परवडणारी गाडी आणि तिच्यात भलंमोठं व्ही-८ इंजिन. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून ही लाट सुरू झाली असं सहसा मानतात. त्यात ३८९ घन इंचाचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन होतं. आपल्याकडच्या स्विफ्टचं इंजिन १.२ लिटरचं असतं, यावरून अंदाज घ्या.

त्याच वर्षी, १७ एप्रिल १९६४ ला, फोर्डने मस्टँग बाजारात आणली. आतला बराचसा सांगाडा फोर्डच्याच साध्यासुध्या फाल्कनचा होता. काटेकोर मंडळी मस्टँगला ‘पोनी कार’ म्हणतात, मसल कार म्हणत नाहीत. तो वाद त्यांना लखलाभ. पहिल्यांदा रिस्टोरेशन करणाऱ्यासाठी मुद्दा वेगळा आहे: या गाडीचे पार्ट्स मिळतात. छोट्या क्लिपपासून फ्लोअरच्या पत्र्यापर्यंत सगळं नव्याने बनतं. म्हणून आज उदाहरण १९६७ च्या मस्टँगचं घेऊ.

फ्लोअर म्हणजे नुसती फरशी नाही

गाड्यांच्या बांधणीचे ढोबळ दोन प्रकार. एकात खाली वेगळी मजबूत चॅसी असते आणि वर बॉडी बोल्टने बसवलेली असते. आपली बोलेरो तशी आहे, आणि त्या काळातली शेवरले शेवेलसुद्धा. दुसऱ्यात वेगळी चॅसी नसतेच. फ्लोअर, दाराखालची पोकळ पट्टी म्हणजे रॉकर, पुढचे-मागचे रेल आणि काचेखालचा आडवा भाग, हे सगळं वेल्ड करून एकच सांगाडा बनतो. याला युनिबॉडी म्हणतात. मस्टँग या प्रकारातली.

म्हणजे मस्टँगचा फ्लोअर कापणं हे टाइल्स बदलण्यासारखं नाही, बेअरिंग वॉल पाडण्यासारखं आहे. सीट त्याच पत्र्याला बोल्ट केलेली असते, सीटबेल्टची खालची टोकंही तिथेच अडकवलेली असतात. हा भाग सडलेला राहिला, किंवा चुकीचा जोडला गेला, तर वरून गाडी कितीही चकचकीत दिसो, आतली माणसं सुरक्षित नाहीत.

गच्ची कुठे आहे?

आता बॉनेट आणि पुढची काच यांच्यामधली जाळी आठवा. ताजी हवा तिथून आत येते. त्या जाळीखाली दोन पत्र्यांची मिळून एक बंद पोकळी असते. तिला काउल म्हणतात. पावसाचं पाणी जाळीतून आत पडणार हे डिझाइन करणाऱ्यांना ठाऊक होतं. पाणी दोन्ही टोकांकडे वाहत जाऊन पुढच्या फेंडरच्या मागून खाली पडावं अशी योजना होती. हवा आत घ्यायच्या भोकाभोवती पत्र्याचा उभा काठ केला होता, विहिरीच्या कठड्यासारखा, म्हणजे पाणी भोकात शिरणार नाही.

कागदावर मस्त. पण झाडाखाली उभ्या गाडीत वर्षानुवर्षं पानं, माती, कचरा साचतो. कचरा ओला राहतो, निचऱ्याची वाट बुजते. आतल्या पत्र्याला रंगाचं संरक्षण जेमतेम. हळूहळू तो कठडाच गंजून जातो आणि पाणी थेट पाय ठेवायच्या जागी, कार्पेटखाली टपकतं. कार्पेट स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं आणि फ्लोअर वरून सडतो.

त्यात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक, त्यामुळे लोखंड गंजण्याची रासायनिक क्रिया वेगाने होते. फ्लोअर खालूनही सडतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की जोड फुगतो आणि आणखी पाण्याला वाट मिळते.

आता बघा. तुम्ही दोन महिने खपून नवा फ्लोअर टाकलात, रंगवलात, नवं कार्पेट घातलंत. काउल तसंच गळकं. पहिल्या पावसात पाणी पुन्हा तिथेच. आणि काउल नीट दुरुस्त करायचं तर फेंडर, बॉनेट, पुढची काच काढून, स्पॉट वेल्डचे असंख्य ठिपके ड्रिल करून वरचा पत्रा उचलावा लागतो. हे काम रंगाच्या आधीच व्हायला हवं. आपल्या कोडिंगच्या भाषेत, फ्लोअरचं भोक हा एरर मेसेज आहे, बग काउलमध्ये आहे.

पाण्याची टेस्ट

ही टेस्ट जवळजवळ फुकट आहे. आतलं कार्पेट काढा. जाळीतला कचरा व्हॅक्यूमने ओढून घ्या. एक मित्र डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवा, तुम्ही बाहेरून जाळीवर सावकाश पाणी ओता. एकदा ड्रायव्हरच्या बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंना फेंडरमागून पाणी खाली पडलं आणि आत थेंबही नाही, तर तुमचं नशीब जोरावर. आत धार लागली तर कामाचा पहिला क्रमांक ठरला.

मग पाण्याच्या बाकीच्या वाटा तपासा:

- मागच्या काचेचं रबर. इथून गळलेलं पाणी डिकीत उतरतं. मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू हाच डिकीचा मधला तळ असतो, त्यामुळे इथला गंज दुर्लक्ष करण्यासारखा नाही.
- छतावर व्हायनल असेल तर त्याच्या कडा. व्हायनलखाली ओल अडकून राहते.
- दारांच्या तळाची निचऱ्याची भोकं. ती बुजली की दार आतून सडतं.
- बॅटरीखालचा पत्रा. तिथे पाण्याच्या जोडीला अॅसिडही असतं.

प्रत्येक ठिकाणी हातोडीने हलकेच टकटक करा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द. चुंबक पातळ कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे. कोणीतरी आधीच ‘भिंत रंगवून’ गेलंय.

कापण्याआधीची तयारी

आधी कागद. गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, आणि गाडीवर कोरलेला नंबर जुळतात का बघा. १९६७ च्या मस्टँगमध्ये हा नंबर पुढच्या आतल्या फेंडरच्या पत्र्यावर कोरलेला असतो. तो वाचताही येतो: ७ म्हणजे १९६७, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप कूपे, सी म्हणजे २८९ घन इंचाचं साधं व्ही-८. म्हणजे तुमच्या गाडीत मुळात कुठलं इंजिन होतं ते कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही. हा पत्रा गंजलाय म्हणून कापून फेकू नका. त्यासोबत गाडीची ओळखच जाईल.

मग दारं. दार आणि बॉडीमधली फट वर, खाली, पुढे, मागे मोजून लिहून ठेवा. गाडी एका बाजूने जॅकवर थोडी उचला आणि पुन्हा मोजा. फट बदलली, दार अडकायला लागलं, तर सांगाडा वाकतोय. अशा गाडीला जॅकवर ठेवून फ्लोअर कापला तर ती मधून खचेल आणि नवा पत्रा तिला त्याच वाकड्या आकारात कायमची धरून ठेवेल. म्हणून गाडी समपातळीत भक्कम स्टँडवर घ्यायची, दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या लोखंडी नळ्या वेल्ड करून टेकू द्यायचा, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा थापायचा नाही. निरोगी लोखंड लागेपर्यंत मागे कापत जायचं. वेल्ड करताना लांब सलग रेघ ओढू नका. एक टिपका इथे, दुसरा लांब तिकडे, नाहीतर उष्णतेने पातळ पत्रा पापडासारखा वाकतो.

आणि प्रत्येक बोल्ट काढण्याआधी फोटो. बोल्ट लगेच पिशवीत, पिशवीवर लेबल. सहा महिन्यांनी तुमची स्मरणशक्ती हे तुमचं बॅकअप नसणार आहे.

जिवाशी खेळ नको

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही, कायम स्टँड लावायचे. त्या काळच्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असायचं. ड्रममधली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नका, ओली करून पुसा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना चांगला रेस्पिरेटर हवा, साधं कापड नको. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी सर्वांत धोकादायक, कारण आत वाफ असते. तिच्याजवळ ठिणगी नको. आणि क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. बाटलीवरची बारीक अक्षरं खरंच वाचा.

आणि मग ठरवा

या सगळ्याला दोन-तीन शनिवार लागतील. हाती येईल एक यादी: पाणी कुठून येतं, सांगाडा सरळ आहे की नाही, किती पत्रा जाणार. आता पार्ट्सच्या किमती काढा, वेल्डिंग शिकायला लागणारे महिने धरा, घरच्यांशी बोला.

कामाचा क्रम मग आपोआप लागतो. आधी पाण्याच्या वाटा बंद, मग सांगाडा, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, मग इंजिन, आणि रंग सगळ्यांत शेवटी. इंजिनाचा आवाज ऐकायची घाई सगळ्यांनाच असते, पण पळणाऱ्या गाडीला आधी थांबता यायला हवं.

यादी बघून ‘हे आपल्याला झेपणार नाही’ असं वाटलं तर तेही चांगलंच उत्तर आहे, आणि ते आत्ताच मिळालेलं बरं. न उघडलेली गंजकी मस्टँग ही अजून गाडी असते, तिला गिऱ्हाईक मिळतं. अर्धी कापलेली, खोक्यांमध्ये भरलेली मस्टँग म्हणजे भंगार आणि पार्ट्सचा ढीग. म्हणून ग्राइंडरच्या आधी बादली.

तुमच्या गॅरेजमध्ये असं काही उभं असेल तर पाण्याची टेस्ट करा आणि काय निघालं ते व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात!