सवानाची कड आणि लाव्हेंटीलचा डोंगर

त्रिनिदाद बेटाची राजधानी असलेल्या पोर्ट ऑफ स्पेन शहराच्या उत्तर अंगास, घरांची दाटी सरून डोंगरांची चढण जेथे सुरू होते तेथे, क्वीन्स पार्क सवाना नावाचे सुमारे 260 एकरांचे मैदान आहे. आणि सूर्य मावळण्यापूर्वीच्या घटकाभरात त्या मैदानाला वळसा घालणाऱ्या साडेतीन किलोमीटरांच्या वाटेवर जो प्रवासी उभा राहील, त्याला आपण घरून गाठीशी बांधून आणलेली भीती नेमक्या कोणत्या गावाविषयीची होती, असा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. कचेऱ्या सुटलेल्या असतात. बायका, पुरुष, शाळकरी पोरे वाटेवरून धावत असतात. शहाळेवाला कोयत्याच्या तीन घावांत शहाळे उघडून पुढे करतो, आणि पाणी पिऊन झाले की त्याच कोयत्याने ते फोडून, सालीचा एक तुकडा चमच्यासारखा तासून आतली मलई खायला देतो. पश्चिमेच्या कडेला विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेले सात वाडे ओळीने उभे आहेत. त्यांतील क्वीन्स रॉयल कॉलेजच्या मनोऱ्यावरचे घड्याळ दुरूनही दिसते. मुंबईच्या जुन्या रस्त्यांवर सावली धरणारा विलायती शिरीष मूळचा याच बाजूच्या मुलखातला, आणि येथे तो आपल्या घरच्या ऐसपैसपणाने फांद्या पसरून उभा आहे.

विषुववृत्ताजवळचा संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. अंधार उतरू लागतो तसे एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते: माणसे कमी होत नाहीत, परंतु ती सगळी मैदानाच्या कडेला सरकलेली असतात. कडेच्या गाड्यांवर दिवे लागतात, मक्याची कणसे आणि तळणाचे घाणे यांचा वास दरवळतो, आणि मधला विस्तार मात्र पाहता पाहता निर्मनुष्य होतो. परदेशी सरकारे आपल्या नागरिकांसाठी जे प्रवासविषयक इशारे प्रसिद्ध करतात त्यांत लाव्हेंटील, बीथम, सी लॉट्स, कोकोरीट या वस्त्यांच्या जोडीला या मैदानाच्या अंतर्भागाचाही नामनिर्देश असतो. रात्रीच्या वेळी जुनी बाजारपेठ आणि फोर्ट जॉर्जचा टेहळणीचा माथाही वर्ज्य सांगितलेला असतो. मी ज्या घरी उतरलो होतो तेथील वयोवृद्ध मालकीणबाईंनी तो जाहीरनामा कधी वाचला नसावा, तथापि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला तेच सांगितले, आणि अधिक नेमके सांगितले. "कडेकडेने चाला, माणसांत राहा. मधून आडवे जाऊ नका. लांब पडले तरी पडू दे."

ही कड आणि हा मध्य यांतील अंतर ज्याला उमगले, त्याला या शहराच्या सुरक्षिततेचा अर्धा प्रश्न उमगला असे मला वाटते. येथील संकट हवेसारखे सर्वत्र पसरलेले नाही. त्याला जागा आहे, वेळ आहे आणि इतिहासही आहे. सुटीवर आलेला पाहुणा त्याच्या तडाख्यात कधीच सापडत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 2016 साली कार्निव्हलचे दोन दिवस संपून राखेच्या बुधवारची सकाळ उजाडली तेव्हा याच सवानात एका पाहुण्या स्त्रीचा मृतदेह आढळला. आणि शहराच्या तत्कालीन महापौरांनी तपासाला दिशा लागण्याच्या आतच स्त्रियांच्या वेशाविषयी आणि वर्तनाविषयी उपदेश केला, तेव्हा शहरातील लोक, त्यांतही विशेषेकरून स्त्रिया, इतक्या संतापाने उठल्या की थोड्याच दिवसांत महापौरांना पद सोडावे लागले. दोष मृत व्यक्तीच्या पदरी घालणे या शहराने मान्य केले नाही, ही गोष्ट मला कोणत्याही आकड्याहून अधिक महत्त्वाची वाटते.

आकडे मात्र भयंकर आहेत आणि ते झाकून ठेवण्यात कोणाचेही हित नाही. जेमतेम चौदा-पंधरा लाख वस्तीच्या या देशात 2024 साली सहाशेहून अधिक खून झाले, आणि त्या वर्षाच्या 30 डिसेंबरला सरकारला आणीबाणी पुकारावी लागली. हीच संख्या 1999 साली शंभराच्या आत होती. त्या वर्षीच्या जून महिन्यात, एका कुटुंबाच्या हत्येबद्दल दोषी ठरलेल्या नऊ जणांना शहरातल्या फ्रेडरिक स्ट्रीटवरील तुरुंगात, दिवसाला तीन याप्रमाणे, फासावर चढवण्यात आले होते. फाशीचा धाक बसला म्हणजे गुन्हा आटोक्यात येतो असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी त्यानंतरची पंचवीस वर्षे अवश्य पाहावीत.

या वाढीची कारणे शोधू गेले तर प्रथम नकाशा पुढे घ्यावा लागतो. व्हेनेझुएलाचा किनारा येथून सर्वांत जवळच्या ठिकाणी अवघा 11 किलोमीटर आहे. दक्षिण अमेरिकेतून उत्तरेस जाणारे कोकेन या सामुद्रधुनीतून सरकते आणि उत्तरेकडून बंदुका उलट वाटेने उतरतात. पकडलेल्या शस्त्रांपैकी पुष्कळांचा माग अमेरिकेतील दुकानांपर्यंत जाऊन पोचतो. बेटावर बंदूक घडत नाही, कोकाचे पीकही निघत नाही, पण दोन्ही मालांचा रस्ता दाराशी आल्यामुळे जकात मात्र येथील पोरांच्या रक्ताने भरली जाते. यात भर पडली ती राज्यसत्तेच्या दुबळेपणाची. 27 जुलै 1990 रोजी एका सशस्त्र गटाने रेड हाउस या संसदभवनावर आणि दूरचित्रवाणी केंद्रावर ताबा मिळवून पंतप्रधान रॉबिन्सन यांच्यासह अनेकांना सहा दिवस ओलीस धरले. बाजारपेठ लुटली गेली, जाळली गेली, माणसे मेली. हल्लेखोरांना माफीपत्र देण्यात आले होते, त्याच्या बळावर न्यायालयातून ते मोकळे सुटले. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते माफीपत्र अवैध ठरवले, पण त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता येणार नाही असाही निर्णय दिला. एवढ्या गुन्ह्याला शिक्षा नाही, हे एका पिढीने डोळ्यांनी पाहिले. मागाहून बेकारांच्या हाताला काम म्हणून सरकारने काढलेल्या योजनांचे मक्ते टोळीनायकांच्या चढाओढीचा विषय झाले आणि त्या मक्त्यांपायी गल्ल्या-गल्ल्यांत सरहद्दी आखल्या गेल्या. मरणारे बहुतांशी त्या गल्ल्यांतलेच तरुण.

सवानातून पूर्वेकडे पाहिले की टेकड्यांवर घरांची जी दाट उतरंड दिसते ती लाव्हेंटीलची. प्रवाशांसाठीच्या इशाऱ्यांत हे नाव एका शब्दात येते आणि एका शब्दात संपते, याचा मला विषाद वाटतो. इंग्रजी अंमलाला येथील जनांच्या वाद्यांचे मोठे भय होते. 1881 साली कार्निव्हलच्या मशालींच्या मिरवणुकीवरून पोलीस आणि लोक यांच्यात दंगल झाली आणि त्यानंतर कायदे करून ढोलावर बंदी घालण्यात आली. लोकांनी बांबू कापून ते जमिनीवर आपटून ताल धरला. त्यानंतर काही दशकांनी, 1930 ते 1950 या काळात, लाव्हेंटील आणि शेजारच्या वस्त्यांतील गरीब पोरांनी तेलाची टाकून दिलेली पिंपे उचलली. पिंपाचा तळ घणाने ठोकून ठोकून परातीसारखा खोल करायचा, त्यावर एकेका स्वराची सीमा पोगराने आखायची, विस्तवावर तापवायचे, आणि मग लहान हातोडीने आतून-बाहेरून टिचक्या मारीत तो स्वर कानाला पटेपर्यंत जुळवायचा. एका वाद्यजुळाऱ्याला मी तासभर पाहत बसलो होतो. एकच स्वर त्याने चाळीस वेळा ठोकला असेल, आणि प्रत्येक वेळी मान कलती करून तो असा ऐकत राही की जणू पिंपाच्या पोटातून कोणी हाक मारीत आहे. त्या हाकेतूनच स्टीलपॅन हे वाद्य जन्मास आले, आणि 1992 मध्ये ते देशाचे राष्ट्रीय वाद्य ठरले. कार्निव्हलच्या दिवसांत पॅनोरामा या स्पर्धेसाठी लाव्हेंटीलचे वादक हाच सवाना दुमदुमवून टाकतात. डोंगरावर एकट्याने हिंडावे असे मी कोणाला सांगणार नाही. पण डोंगर खाली उतरून आपले सर्वोत्तम धन मैदानात मांडतो, तेव्हा ते ऐकायला अवश्य जावे.

मराठी माणसाला या शहराची ओळख भीतीतून झालेली नाही, क्रिकेटातून झालेली आहे. सवानापासून जवळच, पश्चिमेस, क्वीन्स पार्क ओव्हल आहे. 1971 च्या मार्च महिन्यात अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवले ते येथे. गोव्यात मडगावी जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात शतक काढले, आणि 65 व नाबाद 67 अशा धावा करून सुनील गावसकर नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने पदार्पण केले. एप्रिलमध्ये, दातदुखीने हैराण असताना, त्याच मैदानावर त्याने एकाच सामन्यात 124 आणि 220 केल्या. 1976 मध्ये 403 धावांचे लक्ष्य भारताने गाठले तेही येथेच. गावसकरांवर कॅलिप्सो रचणाऱ्या या गावाने पाहुण्याच्या गुणांची कदर केली. ओव्हलच्या प्रेक्षकांत गिरमिटाखाली आलेल्या मजुरांचे वंशजही असत. 30 मे 1845 रोजी फतेल रझाक जहाजातून आलेल्या पहिल्या तुकडीपासून ज्यांचा येथील इतिहास सुरू झाला त्यांची चव आजही रस्त्यावर आहे. सकाळी 'डबल्स'च्या गाडीपाशी उभे राहिले की दोन मऊ 'बाऱ्यां'वर 'चना' घालून विक्रेता विचारतो, तिखट किती? पहिल्या दिवशी थोडे म्हणावे.

सावधगिरीच्या गोष्टी येथील माणसे हसतमुखाने पण आग्रहाने सांगतात. भाड्याच्या अधिकृत मोटारीचा क्रमांक 'एच' अक्षराने सुरू होतो. 'पी' क्रमांकाच्या खासगी गाड्या सर्रास प्रवासी घेतात, त्यांत परक्याने बसू नये. लष्करी ठिपक्यांचे कपडे नागरिकांना कायद्यानेच वर्ज्य आहेत, लहान मुलाच्या अंगावरही ते नकोत. माराकासच्या किनाऱ्यावर गर्दीच्या वेळी जावे आणि उजेडी परतावे. जोडबेट टोबॅगो पुष्कळ शांत आहे, तेथील पिजन पॉइंट आणि बुकूची प्रवाळरांग पाहण्यासाठीच बहुतेक सुटीकर येतात. परंतु तेथेही एकांतातले किनारे आणि रानालगतचे एकटे बंगले यांविषयी स्थानिक लोक सावध करतात आणि ते ऐकावे.

मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी एक भिंतीवरचे कॅलेंडर होते. मी संध्याकाळी बाहेर पडलो की त्या फाटकापर्यंत येत, मोटारीचा क्रमांक वाचीत आणि आत जाऊन त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवीत. मी परतलो की त्यावर एक रेघ ओढीत. हा पाहुण्यासाठीचा बंदोबस्त आहे अशी माझी समजूत होती. निघण्याच्या दिवशी सामान बांधून चहाला बसलो असता मी ते कॅलेंडर सहज मागे उलटले. मी येण्याच्या पूर्वीच्या महिन्यांतही प्रत्येक चौकोनात एक क्रमांक होता, नेहमी तोच, आणि त्यावर रेघ. मी विचारण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "माझी मुलगी इस्पितळात रात्रपाळीला असते."

त्या दिवशीच्या चौकोनातला क्रमांक अजून खोडलेला नव्हता. सकाळचे सात वाजून गेले होते, आणि बोलता बोलता त्यांचे लक्ष फाटकाकडे होते.