दंडाची पावती आणि शिफारसपत्र

ज्या नगरपरिषदेच्या अतिक्रमण विभागाने एखाद्या भाजीवालीची हातगाडी वर्षातून दोनदा उचलून नेलेली असते, त्याच नगरपरिषदेच्या वरच्या मजल्यावरील नागरी उपजीविका अभियानाच्या कक्षातून, त्याच राजमुद्रेखाली, ही बाई या शहरातील पथविक्रेती आहे असे लिहून मिळते, हा प्रकार प्रत्यक्ष पाहिल्यावाचून खरा वाटत नाही. तो पाहावा म्हणून मी त्या कक्षातील भिंतीलगतच्या बाकावर पुष्कळ वेळ बसून काढला आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा सर्वांत आधी ज्यांचे भांडवल आटले, ते पहाटे बाजार समितीत उधारीने माल उचलून सायंकाळी ती उधारी चुकती करणारे लोक होते. कारण त्यांचे भांडवल म्हणजे कालच्या विक्रीतून आजच्या खरेदीपुरती उरलेली रक्कम, आणि विक्री थांबताच ती चुलीत गेली. १ जून २०२० रोजी केंद्र सरकारने त्यांच्यासाठी पीएम स्वनिधी योजना सुरू केली. तारण नाही, वर्षभरात मासिक हप्त्यांनी फेडण्याचे १०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज, वेळेवर फेडणाऱ्यास सालिना सात टक्के व्याजाचे अनुदान, आणि ते फिटल्यावर २०,००० व पुढे ५०,००० रुपये, अशी तिची पायरी होती. पैसा बँकेचा; परंतु अर्जदार खरोखरच फेरीवाला आहे काय, या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थेकडे सोपविलेले होते, आणि सारी मेख तेथेच होती.

२०१४ च्या पथविक्रेता अधिनियमान्वये दर पाच वर्षांनी सर्वेक्षण होऊन विक्रेत्यास प्रमाणपत्र मिळावयास हवे. प्रत्यक्षात सर्वेक्षणाच्या वेळी कोणी गावी गेलेला असतो, कोणी आजारी असतो, आणि कोणी, नाव लिहून घेणारा माणूस उद्या गाडी उचलण्यासाठीच येणार या धसक्याने, मुद्दाम गल्लीत शिरलेला असतो. अशा राहून गेलेल्यांसाठी शिफारसपत्राची तजवीज होती. २४ मार्च २०२० रोजी किंवा त्यापूर्वी आपण विक्री करीत होतो याचा काही पुरावा दाखवावा; पुरावा नसेल तर साध्या कागदावर अर्ज करून स्थानिक चौकशीची विनंती करावी, आणि नगरपरिषदेने पंधरा दिवसांत निकाल द्यावा, असा तो नियम.

एका दुपारी पालेभाज्या विकणारी एक वयस्क बाई प्लास्टिकच्या पिशवीतून आपली सारी दप्तरे टेबलावर मांडीत होती: शिधापत्रिका, आधार, विजेचे बिल, धाकट्या मुलीच्या शाळेचा दाखला. यांतून ती भाजी विकते हे काही केल्या सिद्ध होईना. कारकून स्थळपाहणीचा शेरा मारण्याच्या बेतात असतानाच, पिशवीच्या तळाशी चार घड्या पडलेला एक कागद निघाला. रहदारीच्या रस्त्यावर भाजीची पाटी मांडल्याबद्दल २०१९ साली अतिक्रमण विभागाने केलेल्या दंडाची ती पावती होती. नाव, जागा, तारीख, सही, शिक्का, सर्व काही जागच्या जागी.

“मावशी, हा कागद आधी नाही का दाखवायचा?”

“दंडाचा कागद कुणी मिरवतं होय, साहेब?”

कारकुनाने निमूटपणे त्या पावतीची झेरॉक्स काढून प्रकरणास जोडली. माझ्या मते त्या सबंध संचिकेत इतका निर्विवाद पुरावा दुसरा नव्हता.

पुढचा अडथळा क्षुद्र, पण चिवट होता. अर्ज ऑनलाइन, आणि त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी यावा लागतो. बाईंच्या आधारला जोडलेला क्रमांक परगावी कामाला गेलेल्या मुलाचा. समुदाय संघटक असलेल्या तरुणीने त्याला फोन लावला, तो यंत्रावर उभा, आणि त्याने आकडे सांगेपर्यंत त्यांची मुदत टळून गेलेली. असे दोनदा झाले, तिसऱ्यांदा जमले. योजनेच्या छापील माहितीत या खटाटोपाचा मागमूसही नाही, पण माझ्या पाहण्यात त्या तरुणीचा निम्माअधिक दिवस यातच खर्ची पडे.

बँकेची हकीकत थोडक्यात सांगता येईल: कोठे आठवड्यात रक्कम जमा, कोठे ‘साहेब रजेवर आहेत’. मात्र क्यूआरच्या पाटीविषयी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. डिजिटल व्यवहारांबद्दल महिन्याला १०० रुपयांपर्यंत परतावा मिळे, पण किमान २५ रुपयांचा व्यवहारच त्यासाठी गणला जाई. दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडी कितीही वेळा विकली गेली तरी ती हिशेबात धरावयाची नाही. हा नियम करणाऱ्याने मंडई पाहिली असेल, पण पालेभाजीच्या पाटीपुढे तो फार वेळ थांबला नसावा.

तरीही त्या शिफारसपत्राची किंमत कर्जाच्या रकमेहून अधिक होती, असे मला वाटते. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा महाराष्ट्र शासनाने प्रत्येकी १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, ते नोंदणीकृत फेरीवाल्यांना. ज्याचे नाव कोणत्याच दप्तरी नव्हते, त्याची उपासमार सरकारदरबारी जमेसच धरली गेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वनिधीच्या कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवून पहिले कर्ज १५,००० आणि दुसरे २५,००० रुपयांचे केले आहे. बाईंनी मात्र शिफारसपत्र हाती पडताच पहिला प्रश्न विचारला तो रकमेचा नव्हे. हे दाखविल्यावर गाडी उचलणारे थांबतील काय, असा होता. कारकून म्हणाला, ते कर्जापुरते आहे, जागेचे खालच्या मजल्यावर विचारा.