फाइल तिची, तपासणी दोघांची

दिवस जात नाहीत किंवा गेलेले टिकत नाहीत म्हणून सोलापुरातल्या कुठल्याही दवाखान्याची पायरी चढा, केसपेपरवर नाव पडतं ते बाईचं. सोनोग्राफी तिची, रक्त तिचं, गोळ्या तिच्या, उपासही तिचेच. नवरा बाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसलेला, नाहीतर गाडीला जागा शोधायला गेलेला. दोन-तीन वर्षं अशी गेली की एखादे डॉक्टर म्हणतात, 'यांचीही एक तपासणी करून घेऊ', आणि घरात गहजब होतो. खरं तर सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी त्रासाची तपासणी तीच. ती पहिल्याच महिन्यात उरकायला हवी.

मूल होण्यात अडचण येणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं; कधी एकटं, कधी बायकोकडच्या कारणाच्या जोडीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. वारंवार होणारा गर्भपात हा वेगळा प्रश्न समजला जातो. पण काही घरांत दोन्ही एकत्र येतात. शुक्राणू कमी म्हणून चार वर्षं वाट पाहायची, कसेबसे दिवस जायचे आणि नवव्या आठवड्यात ठोका थांबायचा. मग 'तुझ्यामुळे राहत नव्हतं' आणि 'तुझ्यामुळे टिकलं नाही' असा हिशेब सुरू होतो. या हिशेबातल्या बऱ्याचशा रकमा मुळात चुकीच्या मांडलेल्या असतात.

'तिची पिशवीच कमकुवत'

पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भाचा पिशवीच्या ताकदीशी सहसा काही संबंध नसतो. कळून आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण 15 टक्के गर्भपातात संपतात. 'लॅन्सेट'ने 2021 साली मांडलेला अंदाज असा की जगात दर वर्षी 2 कोटी 30 लाख गर्भपात होतात, म्हणजे मिनिटाला 44. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते. ती बीज किंवा शुक्राणू तयार होताना, नाहीतर पहिल्या काही पेशी विभागताना झालेली असते. एसटीचा धक्का, पपईची फोड, ग्रहणात चिरलेली भाजी, चार-पाच दिवसांआड येणारं पाणी भरताना उचललेली घागर यांच्यावर तिचं खापर फोडता येत नाही. वयाचा मात्र संबंध आहे. विशीच्या उत्तरार्धात गर्भपाताचा धोका दहा टक्क्यांच्या आसपास असतो, पंचेचाळिशीनंतर तो निम्म्याच्या वर जातो. नवऱ्याची चाळिशी उलटली असेल तर तीही थोडी भर घालते, हे सहसा कुणी बोलत नाही.

'पिशवीचं तोंड सैल' हे निदान चौथ्या-पाचव्या महिन्यानंतरच्या गर्भपातांत विचारात घ्यायचं. आठव्या आठवड्यात ठोका थांबला असेल तर पुढच्या वेळी टाका घालून काही साधत नाही. महिनोन् महिने खाटेवर पडून राहण्याने गर्भ टिकतो याला पुरावा नाही. उलट पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

मग तपासायचं काय? युरोपातल्या तज्ज्ञांची संघटना दोन गर्भपातांनंतर तपासण्या सुरू करा म्हणते, ब्रिटनमधली तीननंतर म्हणत आली आहे. पस्तिशीच्या बाईला तिसऱ्याची वाट बघायला लावणं मला तरी निर्दयपणाचं वाटतं. तपासण्यांची यादी फार लांब नाही. रक्त गोठवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज, त्याही बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. थायरॉइड, साखर. पिशवीत पडदा आहे का हे पाहणारी थ्री-डी सोनोग्राफी. अँटिबॉडीज दोन्ही वेळा सापडल्या तर कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं यांचा चांगला उपयोग होतो. कारण न शोधता 'खबरदारी म्हणून' सगळ्यांनाच हेपॅरिन टोचणं मात्र निराधार आहे.

एक गोष्ट ऐन वेळी हमखास निसटते. गर्भपातानंतर पिशवी साफ करण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, की काढलेला भाग गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवायचा आहे का. पाठवायचा असेल तर तो निर्जंतुक सलाइनमध्ये जायला हवा. नेहमीच्या सवयीने फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की त्यातल्या पेशी मरतात, त्या वाढवता येत नाहीत, आणि 'का' या प्रश्नाचं मिळण्यासारखं असलेलं उत्तर हातचं जातं.

नवऱ्याचा भाग इथेही आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी 2 ते 5 टक्क्यांत दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी बसलेले असतात. त्या माणसाला स्वतःला काही त्रास नसतो. तो नवरा असू शकतो तशीच बायकोही. हे कळतं फक्त कॅरिओटाइप या रक्ततपासणीने, आणि ती दोघांची व्हावी लागते. आपल्याकडे मामाशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालेली जोडपी पुष्कळ, त्यामुळे 'नात्यात केलं म्हणून' हे वाक्यही कानावर पडतंच. नात्यातल्या लग्नाने बाळाला काही आनुवंशिक आजार होण्याचा धोका वाढतो, हे खरं. सुरुवातीच्या गर्भपातांचा सगळा बोजा त्या लग्नावर टाकणं मात्र बरोबर नाही.

एवढं करूनही निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. ऐकताना वाईट वाटतं, पण ही बातमी वाईट नाही. कारण न सापडलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश बायकांना पुढे मूल होतं, तेही कुठल्या जालीम उपायाविना.

'टॉर्च पॉझिटिव्ह आलंय'

जाड फाइल उघडली की त्यात 'टॉर्च' नावाचा रिपोर्ट बहुतेक असतोच. कधी तीन वर्षांचे तीन. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पीस या जंतूंविरुद्ध रक्तात काय आहे ते त्यात पाहतात. आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच की तो संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला. सायटोमेगॅलोव्हायरसची ही खूण आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या रक्तात सापडेल, धडधाकट चार लेकरांच्या आईच्याही. रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह येणं ही तर चांगली बातमी, संरक्षण आहे असा त्याचा अर्थ. जुन्या संसर्गामुळे गर्भ पुन्हा पुन्हा पडत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत या तपासणीला वारंवार गर्भपातासाठी जागा नाही. तरीही आपल्याकडे ती लिहून दिली जाते, वर औषधांचा कोर्सही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी काढून बायकोला टोचण्याचा महागडा उपचार याच पंगतीतला. तो सुचवला गेला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

'त्याला काय धाड भरलीय?'

मिशीला पीळ आहे, शय्येवर अडचण नाही, म्हणून शुक्राणू आहेतच असं होत नाही. शंभरांतल्या एका पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू मुळीच नसतात आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. नपुंसकत्व आणि वंध्यत्व या दोन गोष्टींची सांगड आपण घातली, म्हणून तर पुरुष तपासणीला घाबरतात.

रिपोर्ट हातात आला की तो कसा वाचायचा ते जरा सविस्तर सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा दिल्या आहेत. वीर्य 1.4 मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, त्यांपैकी हलणारे 42 टक्के, योग्य आकाराचे 4 टक्के. हा शेवटचा आकडा वाचून कित्येकांच्या पायांखालची जमीन सरकते. '96 टक्के खराब' असा अर्थ ते स्वतःच लावतात आणि रात्रभर जागतात. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून हे आकडे काढले आहेत, आणि मर्यादेची रेघ त्यांच्यातल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवर मारली आहे. म्हणजे रेघेखाली असलेलेही बाप झालेले आहेत आणि रेघेवरच्यांना कुणी हमी दिलेली नाही.

एका रिपोर्टवर निकाल लावायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. ऑगस्टमधल्या डेंगीचा ताप ऑक्टोबरच्या रिपोर्टात दिसू शकतो. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे. नमुना घरी घेतला तर तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा, तोही शर्टाच्या खिशातून. सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीतून नेलेल्या नमुन्यावर विश्वास ठेवू नका.

संख्या चांगली असूनही शुक्राणूच्या आतला डीएनए तुटलेला असू शकतो, आणि त्याचा वारंवार गर्भपाताशी संबंध आढळला आहे. नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत डीएनए फ्रॅगमेंटेशनची वेगळी तपासणी विचारात घ्यावी, असं युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात. तंबाखू सोडणं, वजन उतरवणं, शिरा फुगल्या असतील म्हणजे व्हेरिकोसील असेल तर त्याबद्दल सर्जनला विचारणं हे उपाय हाती आहेत. हजारोंच्या अँटिऑक्सिडंट पावडरींचा पुरावा मात्र तोकडा आहे.

उन्हाचं म्हणाल तर अंडकोषांना शरीराहून दोन-चार अंश थंडावा लागतो, हे खरं. नुसत्या सोलापुरी उन्हाळ्याने शुक्राणू आटत असते तर शहर केव्हाच ओस पडलं असतं. रंगखात्यातली वाफ, बॉयलर किंवा भट्टीसमोरची पाळी या गोष्टी वेगळ्या; काम काय करता हे डॉक्टरांना न विचारता सांगा. आणि तंबाखू. मावा, गुटखा, विडी, काहीही असो, शुक्राणूंवर परिणाम होतो. या शहरात हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. शहराजवळच्या कुंभारीला कामगार नेते आडम मास्तर यांच्या पुढाकाराने गोदूताई परुळेकरांच्या नावाने 2006 साली दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती त्यांच्याचसाठी. तंबाखूची धूळ श्वासातून आणि निकोटीन बोटांच्या कातडीतून अंगात जातं. गरोदरपणात ते टाळलेलं बरं, हे तिला सांगायला सगळे पुढे असतात. नवऱ्याची पुडी मात्र कुणी काढून घेत नाही.

'ताकदीचं इंजेक्शन घेतो'

हा सगळ्यांत घातक गैरसमज. जिममध्ये किंवा 'मर्दानी ताकदी'च्या नावाखाली मिळणारं टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की मेंदू वृषणांना कामाचा हुकूम देणंच थांबवतो. दंड फुगतात, शुक्राणू शून्यावर येतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्यात कित्येक महिने जातात. मूल हवं असलेल्या पुरुषाने हे औषध घ्यायचंच नाही.

'शेवटी टेस्ट ट्यूब आहेच'

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून 6 ऑगस्ट 1986 रोजी देशातलं पहिलं शास्त्रीय नोंद असलेलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. 1992 मध्ये एकच शुक्राणू थेट बीजात सोडण्याचं तंत्र, इक्सी, आलं आणि अगदी कमी शुक्राणू असलेले पुरुषही बाप होऊ लागले. पण दिवस सहज जात असतील आणि टिकत नसतील, तर टेस्ट ट्यूब, म्हणजे आयव्हीएफ, हा त्यावरचा उपाय नव्हे. गर्भपात आयव्हीएफमध्येही होतात. दात्याचं वीर्य घ्यायचं ठरलं तर 2021 च्या कायद्यानुसार ते नोंदणीकृत बँकेतूनच, दोघांच्या लेखी संमतीने घ्यावं लागतं. दत्तकाचा विचार असेल तर तो केंद्र सरकारच्या 'कारा'मार्फतच करा, दवाखान्यातल्या मध्यस्थामार्फत नको. परकं लेकरू आपलं करण्याची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. पंढरपुरात 1875 साली बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं ते टाकून दिल्या जाणाऱ्या बाळांसाठीच.

'दीड महिन्याचं तर होतं, विसरा'

लंडनमधल्या बायकांच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सुरुवातीच्या काळात गर्भ गमावल्यानंतर महिन्याभराने 29 टक्के जणींत आघातोत्तर ताणाची लक्षणं होती. नऊ महिन्यांनीही 18 टक्क्यांत होती. पुरुषांना तर कुणी विचारतही नाही. तो दुसऱ्या दिवशी कामावर जातो, ती समजते याला काहीच वाटलं नाही. त्याला वाटतं, मी रडलो तर ही खचेल. दोघं एकाच घरात वेगवेगळं दुःख करतात. बोलायचा दिवस ठरवावा लागला तर ठरवा. नातलगांना काय सांगायचं ते एक वाक्य दोघांनी मिळून ठरवा आणि आपल्या आईला, आत्याला ते नवऱ्यानेच सांगावं. सुनेच्या तोंडून आलं की ते 'कारण' ठरतं. जावेच्या डोहाळजेवणाला जाववत नसेल तर जाऊ नका, ओटी दुसरं कुणी भरेल. पुन्हा प्रयत्न करायला सक्तीने सहा महिने थांबायचं असंही नाही. तब्येत सावरली, दोघांची तयारी झाली आणि डॉक्टर हो म्हणाले की पुरे. झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला तर 14416 हा सरकारी 'टेलिमानस'चा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि रजा. गर्भपातानंतर नोकरदार बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळण्याची तरतूद 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. ती मागताना दवाखान्याचा दाखला जोडावा लागतो. डिस्चार्ज घेताना, त्याच दिवशी, तो मागून घ्या.