कृष्णविवरातील दप्तर

पुण्याच्या सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात, मोडी कागदांचे जे रुमाल १९१० पासून जतन होत आले आहेत, त्यांपैकी एखादा अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडला, तर इतिहासकाराच्या दृष्टीने तो कायमचा गेला. परंतु राख, धूर, उष्णता आणि उजेड यांचा कण न् कण गोळा करता आला, तर त्यातील अक्षर न् अक्षर तत्त्वतः पुन्हा मांडता येईल, असे पुंजयामिकीचा अभ्यासक निःशंकपणे सांगेल. निसर्गाच्या दप्तरातून माहिती गहाळ होत नाही, ही त्या शास्त्राची मूळ प्रतिज्ञा होय.

ह्या प्रतिज्ञेला १९७६ साली स्टीफन हॉकिंग यांनी हरकत घेतली. कृष्णविवरातून मंद उष्ण प्रारण निघते, हे त्यांनी १९७४ सालीच दाखविले होते. त्या प्रारणावरून विवराचे वस्तुमान, विद्युत्भार आणि परिवलन एवढेच कळते, आत काय पडले त्याचा मागमूस लागत नाही, आणि विवर आटून संपले की सारा हिशेबच बुडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याहून विलक्षण होते ते याकोब बेकेन्स्टाइन यांचे प्रतिपादन: विवराची एन्ट्रॉपी, म्हणजे त्यात दडलेल्या माहितीचे माप, घनफळाच्या नव्हे तर पृष्ठफळाच्या प्रमाणात असते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या, जेमतेम तीन किलोमीटर त्रिज्येच्या विवरासाठी हा आकडा एकावर सत्त्याहत्तर शून्ये इतका येतो.

एवढी नोंद होते कशावर? ह्या प्रश्नाच्या मागे लागलेल्यांत शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर अग्रणी होत. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांना नवी चले दिली; त्यांतून वाढलेल्या 'लूप' सिद्धान्तात क्षेत्रफळ सलग नसून सुट्या घटकांचे असते, आणि त्या घटकांच्या शक्य रचना मोजून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ च्या सुमारास बेकेन्स्टाइनचे सूत्र मिळविले. त्यात एक स्थिरांक मात्र उत्तर जुळेल असा निवडावा लागतो, ही टीकाकारांची तक्रार मला रास्त वाटते. पुण्यातच, 'आयुका' ह्या संशोधनसंस्थेत, ठाणू पद्मनाभन यांनी आणखी धाडस केले: गुरुत्वाकर्षण हे मूलभूत बळच नव्हे, ते वायूच्या दाबासारखे अवकाशाच्या सूक्ष्म घटकांचे सामूहिक वर्तन होय.

हॉकिंग यांनी २००४ साली आपली हरकत मागे घेतली. पुढे २०१९ मधील गणितांत प्रारणाची विवराशी असलेली पुंजगुंतागुंत (एन्टँगलमेंट) आधी वाढते व नंतर घटते, असे निघाले. माहिती सुखरूप असेल तर ही गुंतागुंत तशीच घटावयास हवी. माहिती कोणत्या वाटेने बाहेर पडते, ह्याबद्दल ती गणिते मौन बाळगतात.